सर्पगंधेपासून सेरोटोनिनपर्यंत

भंडारा जिल्ह्यात दिवाळी सरते आणि मंडया सुरू होतात. धान कुठे उभे असते, कुठे कापून बांधीत पडलेले असते, आणि भाऊबीजेनंतर आज या गावची मंडई, उद्या त्या गावची असा फेरा चालतो. दिवसा दंडार, रात्री झाडीपट्टीचे नाटक. बांगड्या, खेळणी, जिलेबी, भजी यांच्या दुकानांच्या रांगेत अगदी टोकाला एक जडीबुटीवाला फडके पसरून बसलेला असतो. त्याच्यासमोर साली, बिया आणि मुळ्यांचे ढीग असतात.

चार वर्षांपूर्वी साकोली तालुक्यातल्या एका मंडईत माझ्या मोठ्या आईने, म्हणजे थोरल्या काकूने, अशाच एका फडक्यावरून बोटभर जाडीची, मातकट सालीची मुळी घेतली. विकणाऱ्याने सांगितले होते, "लई कडू रायते जी, पन नीज चांगली लागते. बीपीवर चालते, डोस्कं फिरलं त्याच्यावरही चालते."

मोठे बाबा गेल्यापासून तिची झोप उडाली होती. जेवण तुटले होते, शेताकडे पाऊल वळत नव्हते. तालुक्याच्या गावी डॉक्टरांना दाखवले. त्यांनी उदासीनतेवरची गोळी दिली आणि समजावले की मेंदूत सेरोटोनिन नावाचे एक रसायन असते, ते कमी झाले आहे, गोळीने भरून येईल. पाच-सहा आठवड्यांत फरक पडला. ती झोपू लागली, ओसरीवर येऊन बसू लागली. मग मंडई आली. तिने गोळी बंद केली आणि मुळी उगाळून घेऊ लागली. रक्तदाबाची गोळी मात्र चालूच होती. पंधरा दिवसांत एका पहाटे उठताना चक्कर येऊन पडली आणि मनगट मोडले. दाब मोजला तर फार उतरलेला होता.

मुळीचा उरलेला तुकडा मी वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्राला दाखवला. ती सर्पगंधा निघाली. प्लास्टर घातलेला हात मांडीवर घेऊन मोठ्या आईने मला विचारले, "डोक्यातलं रसायन कमी झालं म्हनते डॉक्टर. पन कोनं मोजलं रे बाबू?"

प्रश्न साधा होता आणि मला त्याचे उत्तर देता येईना. ते शोधायला बसलो तेव्हा कळले की मेंदूतले सेरोटोनिन आणि मंडईतली ती मुळी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. सेरोटोनिन मेंदूत काही काम करते याचा पहिला भक्कम पुरावा याच मुळीतल्या द्रव्याने दिला. त्या वाटेवर आपली मुंबईही आहे. हा लेख त्या वाटेचा आहे.

मुळी आणि तिची नावे

सर्पगंधा हे गुडघाभर उंचीचे झुडूप आहे. पाने बहुधा तीन-तीनच्या चक्रात येतात, फुले पांढरी-गुलाबी, देठ तांबडे, फळे पिकली की जांभळी-काळी होतात. पानझडी जंगलात सावलीच्या, ओलाव्याच्या जागी ते वाढते. मराठी वनौषधींच्या पुस्तकांत 'अडकई' आणि 'हरकी' ही नावे सापडतात. हिंदी पट्ट्यात ते 'छोटा चांद', आणि बिहारात तर सरळ 'पागल की दवा'. वेड लागलेल्या माणसाला शांत करण्यासाठी ही मुळी देतात हे तिथे नावातच नोंदलेले आहे.

शास्त्रीय नाव रावोल्फिया सर्पेंटिना. ऑग्सबुर्ग शहरातला सोळाव्या शतकातला वैद्य लिओनहार्ट राउवोल्फ याच्या स्मरणार्थ प्लुमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने हे नाव दिले. राउवोल्फ पश्चिम आशियात हिंडला होता, भारतात तो कधी आलाच नाही. त्याच्याच काळात गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या ग्रंथात सर्पदंशावर वापरल्या जाणाऱ्या मुळ्यांचे वर्णन केले आहे. त्यांतली एक सर्पगंधाच असावी असे अनेक अभ्यासक मानतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण आपल्या जिल्ह्यात धानाच्या बांधीत साप चावून माणसे मरतात. सर्पगंधेने सापाचे विष उतरत नाही. तिने माणूस गुंगतो, त्याची धडपड थांबते, पण विष आपले काम करत राहते. नावात सर्प असला तरी उपाय प्रतिविषाचे इंजेक्शन हाच आहे.

दिल्ली, कलकत्ता, मुंबई

विसाव्या शतकात ही मुळी प्रयोगशाळेत आली ती आपल्याच देशात. १९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी तिच्यातून काही अल्कलॉइड वेगळी केली आणि त्यांतल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून 'अजमलीन' म्हटले. त्याच वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडावर आणि उच्च रक्तदाबावर ही मुळी उपयोगी पडते असा लेख प्रसिद्ध केला. १९३३ साली कलकत्त्याच्याच स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कर्नल रामनाथ चोप्रा आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाखवले की तिच्यात दाब उतरवणारा आणि गुंगी आणणारा असे दोन्ही गुण आहेत. १९३४ पासून हिमालया ड्रग कंपनीची 'सर्पिना' ही मुळीची गोळी बाजारात होती. देशातले अनेक डॉक्टर ती देत होते. पण जगातल्या वैद्यकाने दखल घ्यावी असे काही घडले नव्हते. मराठीत आपण म्हणतो तसे, सगळ्यांना ठाऊक आणि कोणालाच माहीत नाही, अशी स्थिती होती.

ती बदलली परळच्या के.ई.एम. रुग्णालयातून. डॉ. रुस्तम जाल वकील (१९११–१९७४) हे मुंबईचे पारशी, लंडनमध्ये शिकून आलेले हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी प्राथमिक उच्च रक्तदाबाच्या, म्हणजे मूत्रपिंड वगैरेचे दुसरे कारण सापडत नाही अशा, ५० रुग्णांना सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या, औषधाआधीचा आणि नंतरचा दाब मोजला आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्याचा अहवाल छापला.

आज ५० रुग्ण हा आकडा किरकोळ वाटेल. पण त्या काळी उच्च रक्तदाबावर डॉक्टरांच्या हातात जवळपास काहीच नव्हते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट १९४५ साली मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा दाब ३००/१९० होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या अध्यक्षालाही दाब उतरवणारे चांगले औषध मिळू शकले नव्हते. मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया किंवा ड्यूक विद्यापीठातल्या केम्प्नर यांचा आळणी भात आणि फळांचा आहार, असले उपाय होते. अशा वेळी तोंडाने घ्यायच्या गोळीने दाब उतरतो असे कोणी मोजून दाखवणे ही मोठी बातमी होती.

वकील यांनी मुळी शोधली नाही, तिचा गुणही त्यांनी पहिल्यांदा सांगितला नाही. त्यांनी मोजले, लिहून ठेवले आणि दुसऱ्याला पडताळता येईल अशा ठिकाणी छापले. आपल्याकडच्या अनेक औषधींना हा तिसरा टप्पा कधी लाभलाच नाही. १९५७ साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. १९५८ साली भारत सरकारने पद्मभूषण दिले.

बासेलची भुकटी

वकील यांचा लेख बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी वाचला आणि भारतातून गोळ्या मागवल्या. दाब उतरला, पण सोबत आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. रुग्ण निवांत होत होते, त्यांची तगमग थांबत होती. झोपेच्या गोळीसारखी ही गुंगी नव्हती. माणूस जागा राहायचा, बोलायचा, फक्त काळजीचा काटा बोथट झालेला असायचा. बिहारात जे नावातच होते ते बॉस्टनला नव्याने कळले.

१९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या बासेल येथील सिबा कंपनीत म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी मुळीतले मुख्य द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याला नाव दिले रेसर्पिन. १९५३ साली ते 'सर्पासिल' नावाने बाजारात आले. १९५४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलँड मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांवर वापरून अहवाल दिला. फ्रान्समधून आलेले क्लोरप्रोमाझीन आणि भारतीय मुळीतले रेसर्पिन ही मनोविकारांवरच्या आधुनिक औषधांची पहिली जोडी ठरली. वर्षानुवर्षे बांधून ठेवलेली माणसे वॉर्डात मोकळी फिरू लागली.

पण रेसर्पिन मेंदूत नेमके करते काय, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

दुसरी वाटही रक्तदाबाचीच

आता थोडे मागे जाऊ. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये अर्व्हिन पेज हे रक्तदाबाचेच संशोधक होते. रक्त गोठले की त्याच्या पाण्यात, म्हणजे सीरममध्ये, रक्तवाहिन्या आकुंचित करणारे काहीतरी तयार होते आणि ते त्यांच्या प्रयोगांत घोटाळा करत होते. ते शोधून बाजूला काढण्याचे काम मॉरिस रॅपोर्ट आणि आर्डा ग्रीन यांच्याकडे आले. बैलांचे पिंपे भरभरून रक्त आटवून १९४८ साली त्यांनी ते द्रव्य मिळवले. सीरममधले आणि वाहिन्यांचा ताण वाढवणारे, म्हणून नाव ठेवले सेरोटोनिन. इटलीत व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांनी आतड्यात सापडलेल्या द्रव्याला आधीच एंटेरामीन म्हटले होते. पुढे दोन्ही एकच निघाली. आजही आपल्या शरीरातले बहुतेक सेरोटोनिन आतड्यातच असते.

१९५३ साली बेट्टी ट्वारोग या तरुण संशोधिकेने पेज यांच्याच प्रयोगशाळेत, शिंपल्यातल्या एका जीवाचा स्नायू चाचणीसाठी वापरून, सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही सेरोटोनिन असल्याचे दाखवले. रक्तातले आणि आतड्यातले द्रव्य मेंदूत कशाला? एडिंबरोच्या गॅडम यांना आढळले की एलएसडी हे भ्रम निर्माण करणारे द्रव्य स्नायूवरचा सेरोटोनिनचा परिणाम रोखते. मग भ्रम आणि सेरोटोनिन यांचा काही संबंध असेल का? हा तर्क होता, पुरावा नव्हता.

बेथेस्डातले ससे

पुरावा आला १९५५ साली. वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा गावी अमेरिकी सरकारची राष्ट्रीय हृदय संस्था आहे. म्हणजे पुन्हा रक्तदाब आणि हृदयाचेच घर. तिथे बर्नार्ड ब्रोडी, आल्फ्रेड प्लेचर आणि पार्कहर्स्ट शोर काम करत होते. त्याच आवारात रॉबर्ट बोमन यांनी एक नवे यंत्र बनवले होते. विशिष्ट प्रकाश टाकल्यावर द्रव्य किती चमकते ते पाहून अत्यल्प प्रमाणही त्यावर मोजता येत असे.

त्यांनी सशांना रेसर्पिन टोचले. ससे मलूल झाले, एका जागी बसून राहिले. मग त्यांच्या मेंदूतले सेरोटोनिन मोजले. ते सुमारे दहाव्या हिश्श्यावर आले होते. आणखी एक गोष्ट दिसली. रेसर्पिन स्वतः शरीरातून लवकर निघून जात होते, पण सेरोटोनिन बराच काळ कमी राहत होते आणि सशाचा मलूलपणाही तेवढाच टिकत होता. म्हणजे जनावराची अवस्था रेसर्पिनच्या मागे नव्हती, सेरोटोनिनच्या मागे होती. 'सायन्स' नियतकालिकातल्या त्यांच्या छोट्या लेखाच्या शीर्षकाचा आशयच असा होता की मेंदूच्या कामात सेरोटोनिनचा वाटा असल्याचा पुरावा मिळाला आहे.

मोठ्या आईच्या प्रश्नाचे पहिले अर्धे उत्तर हे आहे. मोजले, पण सशांत, आणि मेंदू बाहेर काढून. मोजायला लावणारे द्रव्य होते आपल्या मुळीतले.

रेसर्पिनची करामत पुढे उलगडली. चेतापेशी आपली रसायने इवल्या पिशव्यांत साठवून ठेवते. त्या पिशव्यांत रसायन भरणारा पंप रेसर्पिन बंद पाडते. पिशवीबाहेर राहिलेले रसायन पेशीतच मोडून जाते. मात्र हा पंप एकट्या सेरोटोनिनचा नाही. ब्रोडींकडे काही काळ काम करून स्वीडनला परतलेले आर्विद कार्ल्सन यांनी दाखवले की रेसर्पिनने नॉरअॅड्रिनलिन आणि डोपामिनही रिकामे होते, आणि मलूल सशाला डोपामिनचा कच्चा माल म्हणजे एल-डोपा दिला की तो पुन्हा हालचाल करू लागतो. कंपवातावरचे आजचे मुख्य औषध या शोधाच्या वाटेने आले. २००० साली कार्ल्सन यांना नोबेल मिळाले. म्हणजे सशाचा मलूलपणा केवळ सेरोटोनिनमुळे होता हा ब्रोडींचा निष्कर्ष घाईचा होता. सेरोटोनिनचा वाटा होता, पण तो एकट्याचा नव्हता. हे लक्षात ठेवू, पुढे लागणार आहे.

शिवणीतल्या पेशी

मेंदूत हे रसायन बनते कुठे, हे १९६४ साली कळले. स्वीडनच्या फाल्क आणि हिलार्प यांनी मेंदूच्या वाळवलेल्या पातळ कापांना फॉर्माल्डिहाइडची वाफ देण्याची युक्ती काढली होती. त्याने सेरोटोनिन असलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पिवळ्या आणि डोपामिन, नॉरअॅड्रिनलिनच्या पेशी हिरव्या चमकतात. या युक्तीने स्टॉकहोममध्ये अनिका डालस्ट्रोम आणि शेल फुक्से यांनी उंदराच्या मेंदूचा नकाशा काढला. पिवळ्या पेशी जवळपास सगळ्या एकाच भागात निघाल्या. मेंदूचा जो देठ मानेत उतरून पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला मिळतो, त्याच्या अगदी मध्यरेषेवर. शरीरशास्त्रात या जागेला 'राफे' म्हणतात, म्हणजे शिवण. दोन अर्धे जिथे शिवल्यासारखे दिसतात ती रेघ. डालस्ट्रोम आणि फुक्से यांनी तिथल्या गटांना बी-१ ते बी-९ असे क्रमांक दिले आणि ते आजही चालतात.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यांत सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी फक्त काही लाख. तरी त्यांच्या फांद्या वर मेंदूच्या जवळपास प्रत्येक भागात आणि खाली मज्जारज्जूत पोचतात. भंडाऱ्याच्या माणसाला हे समजायला मालगुजारी तलाव आठवले तरी पुरे. तलाव एक, पण त्याचे पाट शेकडो बांध्यांपर्यंत जातात. वरच्या गटांचे पाट पुढच्या मेंदूकडे जातात. तिथे ते झोप-जाग, भूक, मनःस्थिती यांत भाग घेतात. खालच्या गटांचे पाट श्वास, शरीराची उष्णता आणि कण्यातून वर येणारी वेदना यांवर काम करतात.

या पेशींची चालही वेगळी आहे. जनावर जागे असताना त्या सेकंदाला एक ते तीन ठोके अशा संथ, घड्याळासारख्या लयीत चालतात. झोप लागली की मंदावतात आणि स्वप्नांच्या झोपेत जवळपास गप्प होतात. शिवाय सेरोटोनिन ज्या ग्राहींवर जाऊन बसते त्यांचे किमान १४ प्रकार आहेत. एका प्रकारावर ते पेशीला चेतवते, दुसऱ्यावर शांत करते. त्यामुळे 'सेरोटोनिन म्हणजे आनंदाचे रसायन' हे वर्तमानपत्री वाक्य चुकीचे आहे. पाटाचे पाणी कोणत्या बांधीत, कोणत्या पिकाला आणि कधी मिळाले यावर सगळे अवलंबून असते.

गोष्ट कुठे ताणली गेली

आता उरलेले अर्धे उत्तर. रेसर्पिन रक्तदाबासाठी सर्रास दिले जाऊ लागले तेव्हा काही रुग्ण खिन्न झाल्याची वृत्ते डॉक्टरांनी छापली. इकडे ससे मलूल झालेले होतेच. १९५७ च्या सुमारास दोन औषधांनी उदासीनता हटते असे दिसले. एक क्षयाच्या उपचारात वापरलेले इप्रोनियाझिड आणि दुसरे स्वित्झर्लंडच्या रोलांड कून यांनी तपासलेले इमिप्रामीन. दोन्ही मेंदूतल्या या रसायनांचा परिणाम वाढवतात असे पुढे कळले. हिशेब सुबक जुळला. रसायन कमी केले की उदासी, वाढवले की उतारा. म्हणजे उदासी हा रसायनाचा तुटवडा. १९६० च्या दशकात हा तर्क सिद्धांत म्हणून मांडला गेला. १९८७ साली अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला परवानगी मिळाल्यावर तो जाहिरातींतून आणि दवाखान्यांतून घरोघरी गेला, आणि शेवटी साकोली तालुक्यातल्या आमच्या ओसरीपर्यंत आला.

पण याच इतिहासात एक कागद बाजूला पडला होता. १९५५ सालीच, म्हणजे बेथेस्डाच्या सशांच्याच वर्षी, लंडनच्या डेव्हिस आणि शेफर्ड यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक चाचणी छापली होती. चिंताग्रस्त आणि उदास रुग्णांपैकी काहींना रेसर्पिन आणि काहींना निष्क्रिय गोळी देऊन तुलना केली होती. रेसर्पिन घेणाऱ्यांना बरे वाटले होते. सेरोटोनिन रिकामे करणाऱ्या द्रव्याने उदासांना आराम पडला, ही गोष्ट सुबक हिशेबात बसत नव्हती. ती कोणी खोडली नाही, फक्त फारशी कोणी आठवली नाही. रेसर्पिनने माणूस हमखास खिन्न होतो ही समजूतच किती कच्च्या पायावर उभी होती, हे पुढच्या अभ्यासकांनी जुनी वृत्ते पुन्हा वाचून दाखवले. २०२२ साली लंडनच्या जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी आधीच्या संशोधनांचा एकत्र आढावा घेऊन म्हटले की उदासीनतेच्या रुग्णांत सेरोटोनिन कमी असते याला ठाम पुरावा नाही. त्यावर इतर मनोविकारतज्ज्ञांनी हरकती घेतल्या आणि सेरोटोनिनला हिशेबातून पुरते वगळू नका असे बजावले. तो वाद चालू आहे. पण 'तुटवडा झाला, गोळीने भरला' इतके सोपे चित्र आज जाणकारांपैकी फारसे कोणी मांडत नाही. गोळी सेरोटोनिनच्या येण्याजाण्यात काही तासांतच फरक करते, तरी माणसाला बरे वाटायला काही आठवडे लागतात. नुसता तुटवडा भरायचा असता तर इतकी वाट पाहावी लागली नसती.

मोठ्या आईचे सेरोटोनिन कोणी मोजले नव्हते. जिवंत माणसाच्या मेंदूतले सेरोटोनिन दवाखान्यात मोजण्याची सोय नाही. पण याचा अर्थ गोळी खोटी होती असा नाही. पीक वाळले म्हणजे तलावच आटला असे नसते. पाट फुटला असेल, कीड लागली असेल. तरी वरून जास्त पाणी सोडल्याने पीक सावरू शकते. गोळीचा उपयोग तुलना करून, मोजून पाहिलेला आहे. तिने काहींना चांगला गुण येतो, काहींना थोडा, काहींना नाही. डळमळीत आहे ते तिच्यामागचे स्पष्टीकरण. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत की दोन्हीकडून घात होतो. एक म्हणतो रसायन कमी आहे, जन्मभर गोळी खा. दुसरा म्हणतो सिद्धांत चुकला, आजच गोळी फेक. अचानक गोळी बंद केल्याचा त्रास मात्र तिसराच भोगतो.

मुळीचे पुढे काय झाले

रेसर्पिनचा गाजावाजा झाला तसा भारतातल्या जंगलांतून सर्पगंधा उपटली जाऊ लागली. औषध मुळीत, म्हणून झाड समूळ जाते, आणि मुळी भरायला दोन-तीन वर्षे लागतात. १९५६ साली अमेरिकेच्या रॉबर्ट वुडवर्ड यांनी रेसर्पिन प्रयोगशाळेत बनवून दाखवले, पण ती वाट पायऱ्यापायऱ्यांची आणि लांबलचक होती. ओझे जंगलावरच राहिले. पुढे आफ्रिकेतली तिची भावंड वनस्पतीही कामी आली. १९६९ साली भारत सरकारने मुळ्यांच्या निर्यातीवर बंदी आणली आणि १९९० पासून ती दुर्मीळ वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारात नोंदली गेली. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी जैवविविधता नोंदवह्या व्हायच्या आहेत. पूर्व विदर्भातल्या गावांनी सर्पगंधेची जागा त्यात लिहून ठेवणे हे छोटे पण आपल्या हातातले काम आहे.

रेसर्पिन आज डॉक्टर क्वचितच देतात, कारण जास्त सुरक्षित औषधे आली. आणि मुळी घरी उगाळून घेण्यात धोका आहे तो याच इतिहासाने शिकवलेला. मुळीत रेसर्पिन अत्यल्प असते आणि जागेप्रमाणे, हंगामाप्रमाणे कमीजास्त होते. उगाळताना किती पोटात गेले हे कळायला मार्ग नाही. आधीच रक्तदाबाची गोळी चालू असेल तर दोन्ही मिळून दाब खाली नेतात. वकील यांनी तिला गोळीच्या मापात आणि दाबमापकाच्या देखरेखीखाली दिले होते. आमच्या घरी तेवढेच सुटले होते.

"हे सगळे आमच्या ऋषींना ठाऊकच होते" असे म्हणणारे लोक मंडईपासून व्यासपीठापर्यंत भेटतात. मुळीने माणूस शांत होतो हे नाव न उरलेल्या वैदूंना आणि घरच्या बायाबापड्यांना ठाऊक होते, आणि त्याचे श्रेय त्यांना मिळायलाच हवे. बासेलच्या कंपनीच्या हिशेबात ते आले नाही. पण शांत का होतो, किती मात्रेने, कोणाला, कुठवर, हे त्यांना माहीत नव्हते. तसेच बेथेस्डाच्या शास्त्रज्ञांनाही सशावरून माणसाच्या दुःखाचा अर्थ लावता आला नाही. या साखळीत जिथे कोणी मोजले तिथे पाऊल पुढे पडले. जिथे मोजण्याआधी गोष्ट रचली तिथे आपण अडकलो.

मोठ्या आईला मी हे सगळे एका बैठकीत नाही, हळूहळू सांगितले. डॉक्टरांच्या सल्ल्याने तिची गोळी पुन्हा सुरू झाली, वर्षभराने त्यांनीच ती टप्प्याटप्प्याने कमी करत थांबवली. मुळीचा तुकडा तिने टाकला नाही. देवळीत एका डबीत ठेवला आहे. सशांची गोष्ट ऐकल्यावर ती एवढेच म्हणाली, "म्हनजे माह्यं कोनीच नाही मोजलं." मी म्हटले, नाही. गेल्या मंडईत तिने जडीबुटीवाल्याला मात्र थांबून विचारले, किती घ्यायची, कोणी घ्यायची नाही, दाबाची गोळी चालू असली तर काय? तो गोंधळला. ती पुढे जिलेबीच्या दुकानाकडे गेली.